आईचं वय ७२, आधारवर ६७: ज्येष्ठांच्या मोफत उपचारांचे अनुभव हवेत

पायवाट

मंडळी, थोडं लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आईअण्णा गावी असतात, कराड तालुक्यात, भावाकडे. मार्चमध्ये आई न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. भावाने गाडी केली, मी पुण्याहून निघाले आणि तिला शहरातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात नेलं. आत शिरताच देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आणि शेजारी फलक: निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी खाटा राखीव. त्या फलकाच्या बरोबर खाली जी खिडकी आहे, तिथेच आमच्याकडे ५० हजार अनामत मागितली.

भाऊ म्हणाला, आईची सत्तरी उलटलीय, ते सत्तरीपुढच्यांना मोफत उपचारांसाठी मिळणारं वय वंदना कार्ड इथेच काढून मिळेल का? खिडकीवरच्या मुलाने आधार उलटसुलट करून बघितलं. "इथे १९५८ आहे. आजी ६७ च्या आहेत. आणि आम्ही त्या योजनेत नाही." मग धर्मादाय खाटेचं विचारलं. "उत्पन्नाचा दाखला?" दाखला नव्हता. केशरी रेशनकार्ड होतं, पण ते भावाचं. आईचं नाव त्याच्याखाली तिसरं. भावाला महिन्याला ३४ हजार पगार, म्हणजे हिशोबात आईचं उत्पन्नही तेच. प्रत्यक्षात आईची स्वतःची कमाई दोन शेळ्या आणि अंडी. तेही पैसे नातवंडांच्या खाऊत जातात.

आधारबद्दल सांगते. आईला जन्मतारीख ठाऊक नाही. पण ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि धाकट्या मामाला कडेवर घेऊन अंगणात पळाली होती, हे ती आजही हातवारे करून सांगते. आधारप्रमाणे तेव्हा ती नऊ वर्षांची! गावात आधारचं शिबिर आलं तेव्हा मशीनवरच्या पोराने तोंडाकडे बघून वय ठरवलं आणि १ जानेवारी ठोकून दिली. तेव्हा कुणाला काय माहीत, याच तारखेवर उद्या उपचार अडणार आहेत ते.

ऑपरेशन झालं, आई आता वॉकर घेऊन चालते. बिल १ लाख ९० हजारांच्या घरात गेलं. भावाने पतसंस्थेचं कर्ज काढलंय. गेलेल्या पैशांसाठी रडत नाहीये. पण आई ७२, अण्णा ७७. पुन्हा वेळ येणार हे उघड आहे. तेव्हा खिडकीसमोर असं उभं राहावं लागू नये म्हणून आधी काय काय करून ठेवायचं, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. योजनांची माहितीपत्रकं नकोत, ती सगळी वाचून झालीत.

चिंचगुळ

रुमाल टाकून जागा धरून ठेवते. सासूबाईंचंही हेच, फक्त आधारवर त्या नवऱ्यापेक्षा मोठ्या आहेत.

टिपणवही

पायवाट, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या आईला वयाची गरजच नव्हती. केशरी कार्डवाले महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पहिल्यापासून आहेत. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तर कार्डाचा रंगही गेला, राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना ती खुली झाली आणि मोफत उपचारांची दीड लाखाची मर्यादा ५ लाखांवर नेली. तुमचं अडलं ते फक्त त्या रुग्णालयामुळे, ते योजनेत नव्हतं.

म्हणून गाडीत घालायच्या आधी एकच फोन करायचा: १५५३८८. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या. जवळचं कुठलं रुग्णालय योजनेत आहे आणि हा उपचार तिथे होतो का. दुसरा प्रश्न विसरू नका. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत आणि काही रुग्णालयं योजनेत असली तरी सगळ्या विभागांसाठी नसतात. पाटी बघून आत जावं तर कळतं, हाडांचा विभाग त्यात नाही.

वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून, त्या वर्षीच्या धनत्रयोदशीला सुरू झालं. सत्तरीच्या पुढे कुणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही. ५ लाख वर्षाला, पण माणशी नव्हे, घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून. म्हणजे तुमच्या आईअण्णांचे मिळून ५. खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. आणि हे सगळं भरती झालात तरच. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना यातला एक रुपया नाही.

रोखठोक_राव

मूळ मुद्दाच विचारतो. सत्तरी झाली म्हणून तीन फ्लॅटचं भाडं खाणाऱ्यालाही मोफत? आमच्या सोसायटीत मर्सिडीजमधून उतरून कार्ड काढून आणलेले दोघे आहेत. गरिबाला द्या, जरूर द्या. पण केस पांढरे झाले म्हणून सरसकट खैरात कशाला? हा पैसा कुणाच्या तरी खिशातून जातोच.

हिरवाचाफा

रावसाहेब, गरीब कोण ते ठरवण्यात काय होतं हे रोज बघते म्हणून लिहिते. मी एका धर्मादाय रुग्णालयात समाजसेवा विभागात अकरा वर्षं आहे (पायवाट ज्याबद्दल बोलतात ते हे नसावं अशी आशा).

आधी नियम. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि त्यावर उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना. १० टक्के खाटा निर्धनांसाठी, १० टक्के दुर्बल घटकांसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. निर्धनाला सगळं मोफत. दुर्बलाला खाट, नर्सिंग, जेवण, चादरी, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचे नाहीत. बाकीचं सवलतीच्या दराने. औषधं आणि शरीरात बसवायच्या वस्तू खरेदीच्या भावाने, आणि त्यातला निदान अर्धा भाग रुग्णाने द्यायचा. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये बसवायचा सांधा हाच मोठा खर्च असतो. म्हणजे "दुर्बल" ठरलात तरी बिल शून्यावर येत नाही, हे आधीच माहीत असू द्या. लोकांना वाटतं आपल्याला फसवलं.

तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही. आधी दाखल करायचं, जीव स्थिर करायचा, कागद नंतर. हे स्पष्ट आहे. पण खिडकीवर जो मुलगा बसतो तो कंत्राटी, तीन महिन्यांपूर्वी लागलेला. त्याला बिलिंगचं सॉफ्टवेअर शिकवलेलं असतं, ४१ कक कुणी शिकवलेलं नसतं. संध्याकाळी जमा कमी दिसली तर त्यालाच विचारतात. तो फलक वाचून दाखवणार नाही. म्हणून खिडकीशी वाद घालत बसू नका. "वैद्यकीय समाजसेवा अधिकारी कुठे बसतात" एवढंच विचारा आणि दाखल होण्याच्या दिवशीच अर्ज द्या. डिस्चार्जच्या दिवशी आलेल्या अर्जासाठी भांडताना आम्हीही थकतो.

आता दुसरी बाजू. या मोफत उपचारांचे पैसे निर्धन रुग्ण निधीतून जातात. बाकी रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम त्यात जमा होते. माझ्याकडे कित्येकदा खाट रिकामी असते आणि निधी संपलेला असतो. आणि उलटही असतं: निधी आहे, पण समोरच्या आजोबांकडे दाखला नाही. गेल्याच आठवड्यात एक आजोबा आले. शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड. त्यावर मुलाचं नाव, मुलगा दुबईला. पाच वर्षांत आला नाही, पैसेही पाठवत नाही. कागदावर आजोबा दुबईतल्या मुलाचे वडील, म्हणजे बऱ्या घरचे. विचारलं, "मुलगा सांभाळत नाही असं लिहून द्याल?" म्हणाले, "असं कसं लिहू, बाई?" आणि सही न करता उठले.

रावसाहेब, तुमचे मर्सिडीजवाले माझ्याकडे येत नाहीत. मोफत आहे म्हणून खुबा मोडून घ्यायला कुणी येत नाही. उत्पन्नाची गाळणी लावली की त्यात सगळ्यात आधी असे आजोबा अडकतात.

रोखठोक_राव

सही न करता उठले हे वाचून गप्प बसलो. तरी प्रश्न उरतो. सरसकट द्यायचं तर पैसे कोण पुरवणार?

लालपरी_निवृत्त

मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. दवाखान्यातलं मला कळत नाही, पण सवलत कशी चालते ते कळतं.

२०२२ च्या ऑगस्टात ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट झाली. ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. पहिला आठवडा गोंधळ झाला, नंतर सुरळीत. का? म्हातारं चढलं, आधार दाखवलं, जन्मसाल बघितलं, मशीनमधून शून्याचं तिकीट काढून हातात दिलं. झालं. उत्पन्न विचारायचं नाही, पोरगं काय करतं विचारायचं नाही, साहेबाची सही नाही. माझ्या खिशातून काही जात नव्हतं आणि माझी जमाही कमी दिसत नव्हती, कारण त्या शून्याच्या तिकिटाची नोंद होत होती आणि ते पैसे सरकार महामंडळाला देतं. (वेळेवर देतं का, ते आमच्या पगाराच्या तारखेला विचारा.)

मर्सिडीजवाला एसटीत बसला का? एक बसला होता, वाईच्या घाटात त्याची गाडी बंद पडली म्हणून. त्यालाही शून्याचंच दिलं.

चिंचगुळ

लालपरीकाका __/\__

फिनेलची_बाटली

ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी होतो, आता निवृत्त. कंडक्टरसाहेबांनी कंसात लिहिलंय तिथेच खरी गोम आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळंच मोफत केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर, रक्त-लघवी, एक्स-रे, भरती, कशालाच पैसे नाहीत. वयाचाही प्रश्न नाही. चांगला निर्णय, मी स्वतः शुल्काचा जुना फलक खाली उतरवला. (लोकांचा एक घोळ होतो तो सांगून ठेवतो: वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची आणि महापालिकेची महापालिकेची. ती या निर्णयात नव्हती. तिथे जाऊन "सगळं फुकट केलंय ना?" म्हणून भांडू नका.)

पण ते पाच-दहा रुपये जमत होते ते रुग्ण कल्याण समितीच्या खात्यावर जायचे. बल्ब गेला, नळाची तोटी गळतेय, फिनेल संपलं, डासांची जाळी फाटली, सलाईनचा स्टँड वाकला, अशा बारीकसारीक गोष्टींना मुंबईच्या मंजुरीची वाट न बघता तिथल्या तिथे पैसे निघायचे. शुल्क माफ झालं त्या दिवशी ही गंगाजळी आटली. वरून अनुदान येतं, पण ते त्याच्या वेळेला येतं आणि फिनेल आज संपलेलं असतं.

आणि औषधं. साठा असला तर खिडकीवर मिळतंच. नसला तर डॉक्टर चिठ्ठी देतात, बाहेरून आणा. सत्तरीच्या माणसाला कशाचे पैसे लागतात? बीपी, साखर, गुडघ्याचं मलम, डोळ्यांत घालायचे थेंब. दर महिन्याला, मरेपर्यंत. केसपेपर फुकट आणि चिठ्ठी ८०० रुपयांची. माझ्या खिडकीवर एक आजी यायच्या. शुगरची गोळी संपलीय म्हटलं की म्हणायच्या, "मग आज काय फुकट हाय तेवढं दे." मी कॅल्शियमच्या गोळ्या द्यायचो. त्या पदरात बांधून न्यायच्या.

खाट_क्रमांक_२०

डॉक्टरांना अजून कुणी शिव्या घातल्या नाहीत, तेवढ्यात लिहून घेतो.

तालुक्याच्या गावी माझं वीस खाटांचं रुग्णालय आहे. आम्ही योजनेत होतो, बाहेर पडलो. सगळे म्हणतात डॉक्टर लोभी. असतीलही काही. पण हिशोब बघा. योजनेत प्रत्येक ऑपरेशनला ठरलेली रक्कम असते. तीस वर्षांचा मुलगा बाइकवरून पडला आणि पंचाहत्तरीच्या आजी न्हाणीत पडल्या, दोघांच्या खुब्याला रक्कम तीच. मुलगा पाचव्या दिवशी कुबड्या घेऊन घरी जातो. आजींची साखर ३५० असते, ती आटोक्यात आणायला चार दिवस. हृदयाचा सोनोग्राफी अहवाल आल्याशिवाय भूलतज्ज्ञ हात लावत नाहीत. ऑपरेशननंतर आजींना रात्री भ्रम होतो, सलाईन उपसून टाकतात, एक माणूस उशाशी बसवावा लागतो. हे सगळं त्याच रकमेत. योजना ज्येष्ठांची म्हणायची आणि दर तरण्या शरीराचे.

त्यावर पैशांसाठी दावा पाठवला की योजनेकडून शंका येते: फोटोत टाके नीट दिसत नाहीत, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवायचा. तोवर माझ्या नर्सेसच्या पगाराची एक तारीख दोनदा येऊन जाते.

पायवाटताई, तुमच्या आई माझ्याकडे आल्या असत्या तर मी जिल्हा रुग्णालयात पाठवलं असतं. अभिमानाने सांगत नाही.

रोखठोक_राव

आता हे मात्र उत्तर झालं. म्हणजे फुकट जाहीर करणारा एक आणि बिल भरणारा दुसरा.

बाओबाब

अवांतर नाही, पण लांबचं. सार्वजनिक आरोग्याच्या कामानिमित्त पश्चिम आफ्रिकेत होतो. सेनेगलने २००६ मध्ये 'प्लान सेसाम' आणली: वय साठ, राष्ट्रीय ओळखपत्र दाखवा, सरकारी दवाखान्यापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत मोफत. कंडक्टरसाहेबांच्या शून्याच्या तिकिटासारखीच सोपी अट. काही दिवस जोरात चालली. मग सरकारकडून रुग्णालयांना परतफेड यायची थांबली आणि रुग्णालयांवर थकबाकी चढत गेली. खिडकीवर उत्तरं सुरू झाली: आज नाही, औषध नाही, तज्ज्ञ नाहीत. योजना कुणी बंद केली नाही, रद्दही केली नाही. आणि जी काही मिळाली ती जास्त करून शहरातल्या, शिकल्यासवरलेल्या, बऱ्या घरच्या म्हाताऱ्यांना. ओळखपत्र असलं तरी रुग्णालयापर्यंत जायला बसचं भाडं सगळ्यांकडे नव्हतं.

म्हणून डॉक्टर आणि औषधनिर्माणवाले काका जे सांगतायत ते कुरकुर म्हणून सोडून देऊ नये. अट साधी हवी हे खरंच, पण त्या शून्याच्या तिकिटाचे पैसे महिन्याच्या महिन्याला पोचले पाहिजेत.

टेम्सकाठ

इंग्लंडमध्ये साठीनंतर औषधाच्या चिठ्ठीचं शुल्क माफ आहे. छापील चिठ्ठीवर जन्मतारीख असते, औषधवाला ती बघतो, सहीसुद्धा लागत नाही. माझ्या शेजारीण आजींना ही "सवलत" आहे हेच माहीत नाही. त्यांना वाटतं औषधं अशीच मिळतात. माझे आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येतात तेव्हा रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर बिल भरावं लागतं हेही सांगून ठेवतो. प्रवासी विमा काढूनच आणा.

चिंचगुळ

धागा भरकटून त्याचा काश्मीर व्हायच्या आत मूळ प्रश्नाकडे. पायवाट, आधारचं काय झालं? आणि फिंगरप्रिंटचा काय अनुभव? सासूबाईंचे ठसे येतच नाहीत.

पायवाट

सगळ्यांचे आभार. चाफाताई, त्या आजोबांचं वाचून दोन दिवस काही लिहवलं नाही. टिपणवही, १५५३८८ फ्रिजवर, गाडीत आणि भावाच्या मोबाइलच्या मागे चिकटवलाय.

वयाची गरज नव्हती हे कळल्यावर आधारचा नाद सोडणार होते. पण वय वंदनाचे ५ लाख हे घरातल्या बाकीच्यांच्या ५ लाखांपेक्षा वेगळे असतात, म्हणजे आईअण्णांच्या आजारपणात वहिनी-मुलांचा वाटा संपत नाही. म्हणून लागले मागे. काय काय झालं ते लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल.

अण्णांचं कार्ड ग्रामपंचायतीतल्या शिबिरात दहा मिनिटांत निघालं. आईच्या जन्मतारखेचा पुरावा शोधायला तिच्या माहेरच्या शाळेत गेलो. ती चौथीपर्यंत शिकलीय. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आईची ओळ शाबूत. जन्मतारीख: १ जून १९५४. अर्थातच १ जून! त्या पानावरची अर्धी पोरं १ जूनला जन्मलेली. गुरुजींनी एकाच दिवशी गावभर पाळणे हलवले.

शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आधार केंद्रावर गेलो तर अर्ज परत आला. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ही एकच बाई आहे हे कशावरून? लग्नाचं प्रमाणपत्र आणा. आता १९७३ च्या उन्हाळ्यात, बहात्तरच्या दुष्काळात झालेल्या लग्नाचं प्रमाणपत्र! कुणीतरी सांगितलं, आता नोंदणी करून घ्या, ग्रामसेवक करतात. म्हणून ७७ चे अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आणि आई वॉकर घेऊन ग्रामपंचायतीत लग्न लावायला गेले. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी विचारलं, लग्नपत्रिका आहे का? अण्णा म्हणाले, "पाणी टँकरचं होतं आन् पत्रिका कुठली छापताय?" भटजी कधीच वारलेले, त्याचं प्रतिज्ञापत्र. तीन साक्षीदार हवे होते. लग्न बघितलेले तीन जण जिवंत सापडायला चार दिवस गेले. एक आत्तेमामा, एक शेजारचे तात्या आणि तिसऱ्या म्हणजे आईची मैत्रीण गंगूमावशी. त्यांनी सही करताना अण्णांना सुनावलं, "तवा पुरणपोळी दिली न्हवती, आता तरी द्या."

ठशांचं, चिंचगुळ: आईचेही आले नाहीत. बोटं भाकऱ्या थापून, राख-मातीने भांडी घासून गुळगुळीत. पोराने ओल्या फडक्याने पुसली, खोबरेल लावून बघितलं, मशीन लाल ते लालच. मग चेहरा ओळखून करायची सोय आहे म्हणाला. मोबाइल धरून आईला सारखं "आजी, डोळे मिचकवा" म्हणत होता आणि आई लाजत होती. शिबिरात गर्दी असली की ते ठशांवरच अडून बसतात, चेहऱ्याने करा असं आपण सांगायचं. आणि जन्मतारीख आधारवर एकदाच बदलता येते, तेव्हा अर्ज भरणाऱ्याच्या मागे उभं राहून आकडे वाचा. आमच्या पोराने आधी १९४५ टाकलं होतं.

तर आई आता सरकारदरबारी ७१ ची आहे. कार्ड आलं. त्यावरचा फोटो तिला पसंत नाही. रात्री अण्णांना विचारत होती, "म्हंजी मी चार वर्सानं मोठी झाली, का एका वर्सानं ल्हान?"